परग्रहावरचे जेठ

जगात अशी एकही वस्तू नाही, जिचा चिमूटभर नमुना काढून माझ्या मामेसासऱ्यांनी तिची प्रतवारी केलेली नाही. वस्तू म्हणताना मी त्यात माणसंही धरतो, पंगतीतलं वांग्याचं भरीतही धरतो आणि एसटीच्या फाटक्या आसनातला काथ्याही धरतो. तो काथ्या त्यांनी माझ्यादेखत ओढून काढला, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणला, आणि तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरला शांतपणे सांगितलं, "माल चांगला आहे, भरणारानं हात आखडला." मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी सगळी नोकरी ग्रेडर म्हणून केली. शेतकऱ्याची कापसाची गाडी काट्यावर यायच्या आत मामा तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला मूठभर कापूस बाहेर काढायचे, सरकीवरून रुई ओढून धाग्याची लांबी बघायचे, सरकी दाताखाली फोडून ओल बघायचे, आणि एका दमात निकाल द्यायचे. धागा एवढा, ओल एवढी, पाला एवढा, कवडी एवढी. कवडी म्हणजे किडका, डाग पडलेला कापूस. निकालात चांगलं आणि वाईट दोन्ही असलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. "नुसतं चांगलं सांगतो तो दलाल. नुसतं वाईट सांगतो तो व्यापारी. दोन्ही सांगतो तो ग्रेडर," असं ते म्हणत, आणि हा दंडक ते लग्नकार्यात, दवाखान्यात आणि स्मशानातही पाळत. एका ओळखीच्या माणसाला पोचवून परत येताना मंडळी मुकाट चालली होती, तेव्हा मामांनी निकाल दिला होता, "धागा लांब होता बिचाऱ्याचा. पाला मात्र फार."

मी मुलगी बघायला गेलो त्या दिवशी हे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. मुलीकडची वडीलधारी मंडळी समोर होती, पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, आणि माझ्या बाहीला काहीतरी चावल्यासारखं झालं. बघतो तर मामांनी माझ्या शर्टाच्या शिवणीतून एक धागा उपसला होता आणि तो ते खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, हे तेवढ्यात कोणीतरी अभिमानाने सांगत होतं. मामांनी धागा झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शर्टात भेसळ आहे. माणसात दिसत नाही." माझं लग्न त्या वाक्यावर ठरलं असं माझी बायको अजून म्हणते. तो शर्ट मी पुन्हा सासुरवाडीला घालून गेलो नाही, एवढं मात्र खरं.

जावई म्हटल्यावर खानदेशात माणसाला जी खुर्ची मिळते तिच्यावरून उठायची सोय नसते. मला पंख्याखाली बसवलं जाई, शेवभाजीची वाटी रिकामी होऊ दिली जात नसे, आणि घरात सगळे आपसांत अहिराणीत बोलत असताना माझ्याशी मात्र पुस्तकातून वाचल्यासारखं मराठी बोललं जाई. मामांनी मला 'जावईबापू' याशिवाय दुसरी हाक मारली नाही. त्यातून मी पूर्वी धुळ्याच्या एका साप्ताहिकात चित्रपटांवर लिहीत असे. फार थोडं लिहिलं, पण सासुरवाडीला एवढं पुरे होतं. कोणत्याही चित्रपटाचं नाव निघालं की मंडळी माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मीही काहीतरी वजनदार बोलायचो. पुढे या वजनदार बोलण्यानेच घात केला.

मामांच्या डोक्यात चित्रपटाचं खूळ शिरलं ते जळगावात. भाच्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलेली मंडळी दुपारी थिएटरात शिरली. पडद्यावर अंतराळाचा एक परदेशी चित्रपट हिंदी बोलत होता. बायका गारव्यात झोपल्या, मी चष्मा पुसत बसलो, मामा मात्र खुर्चीच्या टोकावर बसून शेवटपर्यंत बघत राहिले. बाहेर आल्यावर उसाचा रस पिता पिता त्यांनी निकाल दिला. चित्रं उत्तम, आवाज उत्तम, यान मजबूत. "पण जावईबापू, दोन वर्षं ती माणसं प्रवास करतात. एकालाही भूक लागत नाही. एकालाही घरून कोणी काही बांधून दिलेलं नाही. हा दोष लहान नाही." अमळनेरची गाडी येईपर्यंत ते त्याच्यावर बोलत होते, आणि गाडीत चढताना त्यांनी जाहीर करून टाकलं की हा दोष आपण स्वतः दुरुस्त करायचा.

त्यांनी खरंच चित्रपट काढला. 'पांढऱ्या ग्रहाचा पाहुणा' हे त्याचं नाव. गोष्ट अशी की दूर एक बर्फाळ ग्रह आहे, तिथे थंडीने लोक काकडताहेत, म्हणून तिथला एक जण कापसाचं बियाणं न्यायला पृथ्वीवर येतो आणि थेट मामांच्या गावाच्या शिवारात उतरतो. खर्च करायला जवळ काही नव्हतं, त्यामुळे जे होतं ते सगळं मामांनी चित्रपटात घातलं. मे महिन्यात जिनिंग बंद असते. गोदामात रुईचे शेवटचे ढीग पडून होते, ते बर्फ झाले. गाठी बांधायचा प्रेस म्हणजे यान झालं. लाल-हिरव्या दिव्यांचं विजेचं पॅनेल खरंच होतं, त्याला काही करावंच लागलं नाही. परग्रहवासीयाचा पोशाख मिरचीच्या वाफ्यांवर अंथरतात त्या चंदेरी मल्चिंग पेपरचा शिवला, पाठीवर फवारणीचा पंप बांधला, आणि डोक्याला चंदेरी रंग दिलेलं मोटारसायकलचं हेल्मेट. कॅमेरा म्हणजे मामांचा मोबाइल. शूटिंगच्या दिवसांत कोणी फोन करू नये असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शूटिंग चालू आहे की संपलं हे विचारायला सगळ्यांनी फोन केले.

एक परीक्षक म्हणून मी त्या चित्रपटातले दोष सांगायला बसलो तर सकाळची संध्याकाळ होईल. यान उडतं तेव्हा खालून ज्वाळा सोडा, साधा धूरही निघत नाही, कारण जिनिंगच्या आवारात काडी ओढायची नाही हा नियम मामांनी परग्रहावरही मोडला नाही. बर्फाळ ग्रहावरच्या एका भिंतीवर 'विडी-काडी ओढण्यास सक्त मनाई आहे' असं लाल अक्षरांत स्वच्छ वाचता येतं. ते मी दाखवून दिलं, तर मामा म्हणाले, "त्यांच्याकडेही सगळा कापूसच आहे ना? मग ते काय विडी ओढू देतील?" बर्फात चालणाऱ्या माणसांच्या कपाळावरून घाम निथळतो आणि रुईचे तंतू नाकात गेल्याने ती दर दोन वाक्यांनी शिंकतात. अंतराळयानातले तिघे डबे उघडून कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा खातात, तो प्रसंग चांगला पाच मिनिटं चालतो आणि त्यात कोणीही एक अक्षर बोलत नाही. जळगावच्या त्या परदेशी चित्रपटाला दिलेलं हे मामांचं उत्तर होतं, त्यामुळे त्यातला घासही कापायला ते तयार नव्हते.

पण दंडकच आहे, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. त्या गोदामाच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती, शेकड्यांनी. भर दुपारी दारं लावून घेतली की आत मिट्ट काळोख व्हायचा आणि डोक्यावर ती भोकं लखलखायची. मामांनी मोबाइल जमिनीवर उताणा ठेवला आणि तेवढंच चित्रित केलं. मी त्या दिवशी तिथे होतो. सूर्य सरकला तसे काही तारे विझले, काही नव्याने पेटले, रुईची धूळ त्या उजेडाच्या काड्यांमधून हळूहळू वर चढत होती, आणि आम्ही गाठींवर बसून माना वर करून बघत राहिलो. एवढं सुंदर आकाश मी कोणत्याही महागड्या चित्रपटात पाहिलेलं नाही. मामांनी सगळी नोकरी त्या पत्र्याखाली करता करता ते पाहून ठेवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसरा गुण म्हणजे परग्रहवासीयाची भाषा. तो शुद्ध मराठी बोलतो. मला हसू आलं, तर मामा म्हणाले की बाहेरून गावात येणारा माणूस, मग तो तलाठी असो, बँकेचा साहेब असो नाहीतर जावई असो, असंच बोलतो. तेव्हा हाही असाच बोलणार. म्हणून पडद्यावर तो हेल्मेटच्या आतून घुमत्या आवाजात म्हणतो, "मी एका अतिदूरच्या ग्रहावरून आपल्याकडे आलो आहे." त्यावर बांधावरचा म्हातारा त्याला वरपासून खालपर्यंत बघून विचारतो, "ते ऱ्हाऊ द्या. जेवण व्हयनं का?" म्हाताऱ्याने खरं तर घाबरून पळायचं होतं. पण दारी आलेल्या माणसाला पाहून पळायचं कसं हे त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. मामांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा तो त्या परग्रहवासीयासाठी पाण्याचा तांब्याच घेऊन आला.

आता तो परग्रहवासी कोण होता ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. ते मामांचे थोरले भाऊ. त्यांना सगळं गाव नाना म्हणे. नाना शेती बघत, दिवसाला मोजून दहा-बारा वाक्यं बोलत, आणि त्यांना हसताना पाहिलेला माणूस त्या घरात नव्हता. फोटोचं तर त्यांना वावडंच होतं. लग्नाच्या फोटोंत नाना शोधायचे तर टोपीची कड, नाहीतर पाठमोरा सदरा एवढंच सापडे. भूमिकेसाठी त्यांचं नाव मामांनीच सुचवलं. मामांचं म्हणणं सरळ होतं. नाना कमी बोलतात, कोणाकडे बघत नाहीत, चालताना दोन्ही हात शरीराला चिकटवून ठेवतात, म्हणजे निम्मे ते परग्रहावरचेच आहेत. आणि हेल्मेटमध्ये तोंड दिसणार नाही. नानांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "मना फोटो येवाव नही ना?" येणार नाही म्हटल्यावर ते तयार झाले.

नानांना ज्या बाईने शेतात पहिल्यांदा बघायचं होतं, ती भूमिका मामींना दिली होती. कापूस वेचणारी बाई मान वर करते, चंदेरी प्राणी दिसतो, ती किंचाळते, ओटीतला कापूस टाकते आणि पळत सुटते, एवढंच काम होतं. मे महिन्यात शेतात कापूस कुठला, म्हणून वाळून उभ्या राहिलेल्या झाडांना गोदामातली रुई अडकवली होती; शेजारची तूरही वाळून उभीच होती. मामी गावातल्या भजनात खणखणीत गाणाऱ्या, किंचाळणं त्यांना जड नव्हतं. मला जावई म्हणून बांधावर खुर्ची दिली होती, आणि बसल्याबसल्या माझ्याकडे मोबाइलवर छत्री धरण्याचं काम होतं. मामा "चालू" म्हणाले. नाना तुरीच्या आडून निघाले, मल्चिंग पेपर चुरचुरला, मामींनी मान वर केली. आणि त्यांनी शांतपणे डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दोन पावलं बाजूला सरकून पाठ वळवली आणि नानांना जायला वाट करून दिली.

नाना त्यांचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्या घरात जेठांसमोर धाकटी सून पदर पुढे घेतल्याशिवाय उभी राहत नाही, त्यांच्याशी थेट बोलत नाही. चाळीस वर्षांची सवय हाताला होती. मामांनी कपाळाला हात लावला. "अवं, तो नाना नही शे. तो परग्रहवरना माणूस शे."

"हाऊ," मामी म्हणाल्या. "पन ग्रह बदलना म्हनीसन जेठ थोडाच बदलतस?"

पुन्हा घेतलं. पुन्हा पदर. मामांनी डोळे मिटून घ्यायला सांगितलं, तर मल्चिंग पेपरच्या चुरचुरीवर पदर. नानांना पाठमोरं चालवलं, तर चालीवर पदर. ऊन असं होतं की मोबाइल गरम होऊन बंद पडत होता आणि ओल्या फडक्यात गुंडाळून त्याला शुद्धीवर आणावं लागत होतं. मामींनी एकदा मनापासून प्रयत्न केला. आधी किंचाळल्या, कापूसही टाकला, आणि मग पळता पळता पदर पुढे ओढला. नवव्या वेळी मामा जरा चढ्या आवाजात बोलले. तेव्हा नाना जागेवर थांबले, त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं, आणि चंदेरी पोशाखात, पाठीवर पंप, घामाने थबथबलेला तो कडक माणूस हसायला लागला. तोंड भरून हसला. पुढचा एक दात नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. "तिले कसाले बोलस?" ते मामांना म्हणाले. "ती बरोबर करी ऱ्हायनी. तुन्हं पिच्चर चुकी ऱ्हायनं." बांधावरची सगळी मंडळी हसायला लागली, पाठमोऱ्या मामीही पदराआड हलत होत्या. मोबाइल चालूच होता. शेवटी मामांनी तो सगळा प्रसंग तसाच चित्रपटात ठेवला, नानांच्या हसण्यासकट. फोटो येणार नाही असा शब्द दिला होता त्याचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाले, "हेल्मेट मी कुठे काढलं?"

चित्रपट पहिल्यांदा दाखवला तो त्याच गोदामात, दुपारी, दारं लावून. पांढरी चादर टांगली होती आणि वर ते खरे-खोटे तारे होतेच. सगळं गाव गाठींवर बसलं होतं. कळण्याच्या भाकरीच्या प्रसंगाला लोकांनी तोंडाला पाणी सुटल्याचे आवाज काढले. मग मामी पडद्यावर आल्या, नाना तुरीतून निघाले, मामींनी पदर पुढे घेतला. आणि गोदामात मागच्या बाजूला बसलेल्या भाऊबंदांतल्या धाकट्या सुनांनी, एकीने घेतला म्हणून दुसरीने, पडद्यावरच्या नानांना पाहून आपापले पदर पुढे ओढले. ती सळसळ मी कानांनी ऐकली. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग गोदाम हसलं. नाना दाराजवळ उभे होते, ते तोंड फिरवून बाहेर निघून गेले. पण ते रागावले नव्हते, बाहेर कडुलिंबाखाली त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी मामा धुळ्याला माझ्या घरी आले. पुण्यात लघुपटांचा कसलासा महोत्सव होता, तिथे चित्रपट पाठवायचा होता. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, गावातले सगळे माझे आहेत. ते चांगलंच सांगतात. तुम्ही ग्रेड सांगा. कवडी असेल ती काढून टाकू." मला आता लिहितानाही माझा तो आवाज ऐकू येतो. पाय पायावर टाकून मी म्हणालो की कथाबीज स्वतंत्र आहे, ताऱ्यांचं दृश्य प्रभावी आहे, मात्र पदराचा प्रसंग विज्ञानकथेच्या गांभीर्याला बाधा आणतो. परग्रहवासी हेल्मेट काढून हसतो तिथे तर सगळा भास कोसळतो. वाक्य छान झालं म्हणून मीच मनात खूश झालो. मामांनी ते नीट ऐकून घेतलं. "म्हणजे कवडी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो." ते वाद घालतील असं मला वाटलं होतं, मला थोडं तसं हवंही असावं. पण आयुष्यभर त्यांनी दिलेला निकाल शेतकऱ्यांनी निमूट ऐकला होता. त्यांनीही माझा ऐकला. चहा पिऊन ते चारच्या गाडीने परत गेले आणि तो प्रसंग त्यांनी काढून टाकला.

पुण्याहून महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं. प्रयत्न प्रामाणिक आहे, परंतु त्यात स्थानिक जीवनाचा ठसा उमटलेला दिसत नाही, असं परीक्षकांचं मत होतं. मामांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बरोबर ग्रेड केली त्यांनी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. मी फोन ठेवला आणि बराच वेळ कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो. त्या वर्षी मी बरेच गुण वाढवून दिले असावेत.

गेल्या वर्षी नाना गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास न देता, दिवसाची दहा-बारा वाक्यं पुरी करून. मी पोचलो तेव्हा घरात एकच शोधाशोध चालली होती. हार घालायला फोटो नव्हता. सगळे अल्बम उघडून झाले होते, टोपीच्या कडा आणि पाठमोरे सदरे अंथरुणभर पसरले होते. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला, त्यात नाना कोणीतरी पकडून उभं केल्यासारखे दिसत होते. नानांची नात सारखी म्हणत होती की आजोबा असे नव्हते. मला तर ते कसे होते ते नक्की माहीत होतं. हेल्मेट काखेत, दात नसलेलं तोंड भरून हसणारे. आणि ते माझ्याच एका वाक्यामुळे कापलं गेलं होतं. दहा दिवस मी त्या घरात जात होतो आणि मामांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी धीर केला. मामा पडवीत बसले होते. जिनिंगवर आता नवे निळे पत्रे बसले आहेत, त्यांना एक भोक नाही, आत दुपारीही दिवे लावतात, असं काहीतरी ते सांगत होते. मी मध्येच म्हणालो, "मामा, तो प्रसंग मी काढायला सांगितला. माझं चुकलं." मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले, आतल्या कपाटातून निळ्या कागदाची एक गुंडाळी घेऊन आले. कापसाचा नमुना ते अशाच कागदात गुंडाळून ठेवत, आत मालकाच्या नावाची चिठ्ठी घालून. सौदा पुरा होऊन दोन्ही बाजूंचं समाधान होईपर्यंत नमुना फेकायचा नाही, ही त्यांच्या धंद्यातली रीत. गुंडाळी उघडली तर आत एक पेनड्राइव्ह होता आणि चिठ्ठीवर मामांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'कवडी. जावईबापूंच्या सांगण्यावरून.' हारासाठी फोटोची शोधाशोध चालली असतानाही त्यांनी तो बाहेर काढला नव्हता; काढला असता तर माझं नाव निघालं असतं.

"तुम्ही ठेवलं होतं?" मी विचारलं.

"ग्रेडरबी चुकस, जवाईबापू," मामा म्हणाले. माझ्याशी ते अहिराणीत बोलले ते पहिल्यांदाच. "म्हनीसन ते नमुना ठेवतस."

त्यांनी तो टीव्हीला लावला. मे महिन्याचं ते पांढरं ऊन खोलीत आलं, माझ्या छत्रीची सावली कोपऱ्यात हलत होती, मामी कापूस वेचत होत्या. मल्चिंग पेपर चुरचुरला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून खऱ्या मामी चहाचे कप घेऊन आल्या. नाना तुरीच्या आडून निघाले तशा त्या दारातच थांबल्या. ट्रे त्यांनी एका हातात सांभाळला आणि दुसऱ्या हाताने पदर पुढे ओढला, कपाळाच्याही खाली. टीव्हीत एक मामी पाठ वळवून उभ्या होत्या, दारात दुसऱ्या. नानांनी हेल्मेट काढलं. ते हसायला लागले. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. त्यांनी ग्रेड विचारली असती तर मला सांगता आली नसती.

मी मामींना म्हणालो, "मामी, आत या, बसा ना." त्यांनी नुसती मान हलवली. चहा गार होत होता. टीव्हीवर नानांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं, पंप सावरला आणि हात शरीराला चिकटवून ते तुरीच्या ओळीतून पलीकडे चालत गेले. ते पुरते दिसेनासे झाल्यावर मामी आत आल्या, त्यांनी कप आमच्यापुढे ठेवले, पदर जरा मागे सारला आणि मग खाली बसल्या.